आधी लेकरू कुठं अडलंय ते बघा

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मी १७ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतेय. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट पंचेचाळीसच्या आसपास. शिक्षण हक्क कायद्यानं ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे तिसऱ्याची वाट बघण्यात अर्थ नाही. नवीन रुजू झालेल्या मुलामुलींचे फोन येतात, "मॅडम, गुणवत्ता वाढवायला नेमकं काय करायचं?" मी सांगते, जूनमध्ये शाळा उघडली की पहिले दोन आठवडे पाठ्यपुस्तक उघडू नका. एकेका लेकराजवळ बसा.

हे मला उशिरा सुचलं. सुरुवातीची काही वर्षं मी जानेवारीतच पोर्शन संपवून मोकळी व्हायचे. भिंतीही रंगवून घेतल्या होत्या, बाराखडी, पाढे, फळं, फुलं सगळं. भिंती बोलक्या झाल्या आणि चौथीतली पाच-सहा पोरं तशीच गप्प राहिली.

बसायचं कसं, ते सांगते. व्हरांड्यात एक सतरंजी टाका. बाकीच्यांना चित्र काढायला द्या आणि एका वेळी एकालाच बोलवा. दहा मिनिटं पुरतात. जवळ चार कार्डं ठेवा: सुटी अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा सोपा उतारा आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. खेड्यापाड्यातल्या लेकरांना वाचता येतं का, गणित येतं का हे बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत २००५ पासून साधारण अशाच पायऱ्यांनी वाचन तपासतात, त्यातली गोष्ट दुसरीच्या पातळीची असते. मजकूर मात्र तुम्ही स्वतः लिहा, पुस्तकातला धडा चालत नाही. तिसरीतली एक मुलगी धडा घडाघडा म्हणत होती आणि नजर खिडकीतल्या कावळ्यावर. मी पान उलटलं तरी तिचं चालूच! अख्खा धडा पाठ होता. त्यातलाच 'पाऊस' शब्द वेगळ्या कागदावर लिहून दिला तर 'प... काना...' करत थांबली.

प्रत्येकाची नोंद आपल्या वहीत ठेवा. तिच्यात मार्क लिहू नका, 'कच्चा'ही लिहू नका. दिसलं ते लिहा. 'मित्र'ला 'मितर' म्हणतो. वेलांटी सोडून देतो. 'सूर्य', 'चक्र', 'ट्रक' या तिन्हींतला र त्याला वेगवेगळं अक्षर वाटतो. पुढं काय शिकवायचं ते या ओळींतूनच कळतं.

गणितात तर चुकीचं उत्तरच जास्त कामाचं. ५२ वजा २७ दिलं की दरवर्षी चार-पाच जण ३५ लिहितात. तिथं फुली मारून पुढं जाऊ नका, "कसं केलंस?" विचारा. एकानं मला सांगितलं, "दोनातून सात जात न्हाईत मॅडम, म्हनून सातातून दोन काढले." लेकरानं विचार केला होता. फक्त ५२ ही त्याला एक संख्या वाटत नव्हती, शेजारी बसलेले पाच आणि दोन वाटत होते.

अशा वेळी फळ्यावर दहादा 'हातचा घ्या' म्हणून काही होत नाही. तुरीच्या बारीक काड्या तोडून आणा, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. लेकराला पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या द्या, म्हणावं यातून सत्तावीस मला दे. ते दोन गठ्ठे देतं, सात सुट्ट्या शोधायला लागतं आणि अडतं. तुम्ही गप्प बसा. आपल्या शिक्षकांना सगळ्यात अवघड हेच जातं. थोड्या वेळानं ते स्वतःच रबर काढतं. आता सुट्ट्या बारा झाल्या, त्यातल्या सात दिल्या, उरले दोन गठ्ठे आणि पाच काड्या. "गठ्ठा सोडावा लागंल" हे वाक्य त्याच्या तोंडून आल्याशिवाय मी कागदावरची वजाबाकी पुन्हा देत नाही. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन आठवडे.

संख्यांच्या नावांकडेही बघा. पंचवीस म्हणताना 'पाच' आधी ऐकू येतो, म्हणून लेकरू ५२ लिहितं. एकोणसाठमध्ये तर साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात ५९. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस पाच' अशी मांडणी आली तेव्हा केवढी ओरड झाली! मी दोन्ही वापरते. आधी वीस पाच, मग त्याचंच नाव पंचवीस. पोरं गोंधळत नाहीत, गोंधळतात मोठी माणसं.

तपासून झालं की परिपाठानंतरचा पहिला तास पातळीचा ठेवा. या तासापुरती इयत्ता विसरायची. आमच्याकडे तीन गट असतात, नावं बोर, आपटा आणि लिंब. 'अ, ब, क' ठेवाल तर आठवड्यात सगळ्या गावाला कळतं कोण कुठं आहे. मागे राहिलेल्या दोन गटांत आम्ही दोघं बसतो, पुढचा गट गोष्टीची कार्डं घेऊन जोडीजोडीनं वाचतो. चौथीच्या पोराला दुसरीच्या पोरांत बसायची लाज वाटते, म्हणून काड्यांचा डबा त्याच्या ताब्यात द्यायचा. लेकरू तयार झालं की त्याच दिवशी गट बदला, संकलित चाचणीची वाट बघू नका. नंतरचे तास आपापल्या इयत्तेचे.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, चौथीची मुलं दुसरीचं का करताहेत? मी वही पुढं केली. त्यांनी दोन पानं वाचली आणि 'ऑनलाइन माहिती भरली का' असं विचारलं. ती माहिती मी शाळा सुटल्यावर भरते, पहिल्या तासात फोन कपाटात असतो.

पालकसभेत भाषण नको. लेकराला नवीन कार्ड द्या, आईसमोर किंवा आजीसमोर वाचू द्या आणि मग पुस्तक मिटून तीच गोष्ट त्याच्या शब्दांत सांगायला लावा. स्वतःला वाचता न येणाऱ्या आजीलाही लगेच समजतं की नातवाला कळलंय का नुसतं बडबडतंय.

आमच्याकडची खरी अडचण दसरा-दिवाळीनंतर सुरू होते. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात. काही पोरं आजीजवळ थांबतात, हंगामी वसतिगृहाचं जेवण मिळतं. बाकीची आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर. जाणाऱ्याच्या पिशवीत मी दहा कार्डं टाकते आणि वहीत त्या दिवशीची पातळी लिहून ठेवते. पाडव्याच्या सुमारास पोरं परत येतात तेव्हा पुन्हा सतरंजी. 'सगळं विसरलास का' हे अजिबात म्हणायचं नाही.

गेल्या वर्षी आलेला एक जण तिकडं वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या चाऱ्यासाठी विकायचा. त्याला विचारलं, पेंढी पस्तीसची, गिऱ्हाइकानं पन्नासची नोट दिली, परत किती? "पंधरा," पटकन म्हणाला. तेच कागदावर मांडून दिलं तर उत्तर लिहिलं २५. मी काही बोलले नाही, दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला, मग म्हणाला, "असं केलं तर माझे दहा रुपये जातेत की." आणि उठून काड्यांचा डबा घेऊन आला.