मुंबईतील जुन्या मैदानाचा इतिहास कसा लिहावा

मैदानाचा इतिहास लिहिणारे बहुधा धावफलकापासून सुरुवात करतात. ती जमिनीपासून करावी. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे सारे एकाच एस्प्लनेडचे, म्हणजे किल्ल्याबाहेरील मोकळ्या पटांगणाचे, तुकडे आहेत, आणि ती जागा मोकळी राखली गेली ती खेळासाठी नव्हे, तर किल्ल्याच्या तोफांसमोर शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यात आला. म्हणून त्याआधीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे शेजारी ठेवून, आपल्या मैदानाची हद्द कोणत्या रस्त्याने वा इमारतीने कापली हे प्रथम टिपून घ्यावे. सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उताराही काढावा, म्हणजे मालकी आणि भाडेपट्टा यांतला फरक स्पष्ट होतो.

यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: तेथे खेळण्याची मुभा कोणाला होती? १८८० च्या दशकात युरोपियनांच्या पोलोमुळे, घोड्यांच्या टापांखाली खेळपट्ट्या उखडतात, अशी तक्रार पारशी व हिंदू क्रिकेटपटूंनी सरकारदरबारी केली होती. असे अर्ज आणि त्यांवरील सरकारी शेरे यांचा शोध राज्य पुराभिलेखागाराच्या दप्तरांत घ्यावा. शेरा पुष्कळदा अर्जापेक्षा अधिक बोलका असतो. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात दीर्घकाळ फक्त युरोपियनांनाच सदस्यत्व मिळत असे, आणि तेथेच डिसेंबर १९३३ मध्ये भारतातील पहिला कसोटी सामना होऊन लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या. या दोन नोंदी एकत्र वाचल्याशिवाय त्या शतकाचे वजन कळत नाही.

सामन्यांच्या तारखा त्या दिवसांच्या वृत्तपत्रांवरूनच घ्याव्यात, स्मरणिकांवरून नव्हे. शोधताना तत्कालीन नाव वापरावे, कारण जुन्या अंकांत 'आझाद मैदान' सापडणार नाही, 'एस्प्लनेड' सापडेल.

जुने खेळाडू, पंच आणि माळी यांच्या आठवणी कागदपत्रे चाळून झाल्यावर नोंदवाव्यात, म्हणजे नेमके प्रश्न विचारता येतात. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी आझाद मैदानावर केलेली ६६४ धावांची अभेद्य भागीदारी प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारे इतके भेटतात, की तेवढी गर्दी शालेय सामन्याला जमली असेल यावर विश्वास बसत नाही. अशा आठवणी टाकून देऊ नयेत. मात्र त्या सांगणाऱ्याच्या हवाल्यानेच छापाव्यात आणि छापील नोंदीशी जुळत नसतील तर तसे तेथेच लिहावे.