पोळा ते दिवाळी: गोल्फ मैदान आणि लॉनवरची बुरशी फवारणीविना कशी आवरावी

पोळ्याच्या सुमारास पाऊस उघडझाप करतो, रात्री दमट राहतात आणि पुढे पहाटे दव पडू लागतं. गोल्फचं मैदान असो, रिसॉर्टचं लॉन असो की विक्रीसाठी गवताच्या लाद्या वाढवायचं शेत, हरळीवर आणि कोरियन गवतावर बुरशी उठते ती याच दिवसांत. अशा वेळी पंप पाठीवर घेण्याआधी गवताचं पान रोज किती तास ओलं राहतं ते बघा. सलग दहा-बारा तास ओलं राहिलं, तर बुरशीला तेवढं पुरतं.

म्हणून संध्याकाळी पाणी देऊ नका. दिवस मावळल्यावर दिलेलं पाणी पानावर सकाळपर्यंत टिकतं. आपल्याकडे शेतीची वीज बरेचदा रात्रीच्या पाळीत येते. अशा वेळी मिळेल तेव्हा टाकी भरून ठेवा आणि तुषार पहाटे 4 ते 6 मध्ये चालवा. तेव्हा पान दवानं ओलंच असतं, त्यामुळे ओलाव्याचे तास वाढत नाहीत. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा वाफसा पाहून एकदाच खोल पाणी द्या.

दव सकाळी लवकर झाडा. दोघांनी लांब दोर किंवा पाण्याचा पाइप दोन टोकांना धरून गवतावरून ओढत न्यावा. पानाच्या टोकातून पाझरलेल्या थेंबांत साखर असते, ती बुरशीचं खाद्य. मात्र गवतात कापसासारखं पांढरं जाळं दिसत असेल, तर त्या भागावर दोर ओढू नका. तिथलं गवत वाळल्यावर, सगळ्यात शेवटी कापा आणि मशीन धुऊन ठेवा. नाहीतर रोग चाकांच्या रेषेनं पुढे सरकतो.

कापणीच्या वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पान काढू नका. पात्याला धार नसेल तर टोकं फाटून पांढुरकी होतात आणि रोगाला तिथूनच वाट मिळते.

खताचा तोल मात्र दोन्हीकडून सांभाळावा लागतो. रुपयाएवढे फिकट ठिपके असलेला डॉलर स्पॉट हा बुरशीरोग नत्र कमी पडलं की वाढतो. पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे होणारी कूज नत्र जास्त झालं की. भर पावसात युरिया थांबवा. पाऊस ओसरल्यावर फिकट पडलेल्या गवताला गुंठ्याला अर्धा किलो युरिया द्या आणि लगेच पाण्यानं मुरवा.

भारी काळ्या जमिनीत खरी अडचण निचऱ्याची असते. मुळाशी साचलेला मेलेल्या काड्यांचा थर अर्ध्या इंचाहून जाड झाला असेल, तर तो दाताळ्यानं किंवा उभ्या पात्यांच्या मशीननं विरळ करा. पोकळ दात्यांनी भोकं पाडून मातीच्या गुळ्या उचलून न्या आणि कन्हान नदीची धुतलेली, चाळलेली वाळू भोकांत झाडूनं भरा. गवतावर 3 मिलिमीटरचा थर द्यायचा तर गुंठ्याला सुमारे 11 घनफूट वाळू लागते. म्हणजे एक ब्रास (100 घनफूट) नऊ गुंठ्यांना पुरते. भोकांसाठीची वाळू वेगळी धरा. हे काम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. थंडीत हरळीची वाढ मंदावते आणि भोकं उघडीच राहतात.

सावलीतला कोपरा दरवर्षी आधी बिघडत असेल, तर सकाळचं ऊन तिथं पोहोचावं म्हणून पूर्वेकडच्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटा.