ग्रुप मेडिक्लेम घ्यायचा आहे? सीडी बॅलन्सकडे आधी बघा

गेली 11 वर्षं आमच्या छोट्या कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांची ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी, म्हणजे सगळ्यांचा मिळून आरोग्य विमा, मी सांभाळते. या विषयावर जे लेख वाचते त्यात कुठली कंपनी स्वस्त, कुठली चांगली एवढंच असतं. पॉलिसी घेतल्यावर वर्षभर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आणि क्लेम अडकतो तो तिथेच, बहुतेकदा सीडी बॅलन्सपाशी, म्हणजे विमा कंपनीकडे आगाऊ ठेवलेल्या पैशांपाशी.

ज्यांचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे ते ईएसआयच्या, म्हणजे सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, कक्षेत येतात का, हे सुरुवातीलाच पाहून घ्या. आस्थापनेत 10 किंवा जास्त माणसं असतील तर बहुतेक राज्यांत येतात. त्यात पगाराच्या मालकाकडून 3.25 टक्के आणि कर्मचाऱ्याकडून 0.75 टक्के जातात. खासगी पॉलिसी घेतली म्हणून ईएसआय टळत नाही. तसं सांगणारा सल्लागार बदला.

मग तीन कोटेशन मागवा, पण प्रीमियमच्या आकड्यावरून निवड करू नका. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का, बाळंतपणाची नऊ महिन्यांची अट (तोवर त्याचा खर्च मिळत नाही) काढली आहे का, को-पे म्हणजे बिलातला कर्मचाऱ्याने भरायचा वाटा किती, खोलीभाड्याची मर्यादा किती, एवढं विचारा. खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि पेशंटने त्याहून महाग खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत, डॉक्टरची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. थोडा जास्त प्रीमियम द्या, पण ही अट काढून घ्या.

आता विम्यात घ्यायच्या माणसांची यादी. नाव, जन्मतारीख, रुजू तारीख, नातं. नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहा. जन्मतारखेत महिना अक्षरात लिहा, कारण 04/07 म्हणजे चार जुलै की सात एप्रिल हे एक्सेल स्वतःच ठरवून टाकतं आणि ते हॉस्पिटलच्या काउंटरवर कळतं.

पॉलिसी सुरू झाली की खरी जबाबदारी सुरू होते. माणसं येतात, जातात, लग्नं होतात, मुलं होतात. यातला प्रत्येक बदल पॉलिसीत चढवावा लागतो, त्याला एंडॉर्समेंट म्हणतात. नव्या माणसाचा उरलेल्या दिवसांचा प्रीमियम विमा कंपनीकडे आधीच ठेवलेल्या तुमच्या पैशांतून वळता होतो. हे पैसे म्हणजे कॅश डिपॉझिट, बोलीभाषेत सीडी बॅलन्स. विमा कायदा 1938 चं कलम 64 व्हीबी सांगतं की प्रीमियम आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. म्हणून सीडीत पैसे नसतील तर तुमचा ईमेल कितीही वेळेवर गेलेला असो, माणूस विम्यात नसतो.

हे मी अतिशय महागात शिकले. आमच्याकडे एक डिझाइन इंजिनिअर रुजू झाला. दुसऱ्याच दिवशी मी त्याचं नाव पाठवलं, एजंटाचं ‘डन मॅडम’ असं उत्तर आलं आणि मी निर्धास्त झाले. एकोणिसाव्या दिवशी त्याचं अपेंडिक्स फुटलं. हॉस्पिटलमधून रात्री साडेअकराला त्याच्या बायकोचा फोन आला, ‘ताई, कार्ड चालत नाहीये.’ सीडीत 1,900 रुपये होते, त्याच्या कुटुंबाचा प्रीमियम त्याहून जास्त होता, म्हणून एंडॉर्समेंट निघालीच नव्हती. मला कुणी कळवलं नव्हतं. पण मीही विचारलं नव्हतं. बिल आमच्या कारखान्याने भरलं. तिचा तो आवाज मात्र मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी कटाक्षाने करते. गेल्या वर्षी किती माणसं वाढली, किती लग्नं झाली, किती बाळं आली ते मोजते आणि किमान तीन महिन्यांची भर पेलेल इतके पैसे सीडीत ठेवते. मालक म्हणतात, पैसे पडून राहतात. राहू देत! ते आपलेच असतात, शिवाय सोडून गेलेल्या माणसाने क्लेम घेतला नसेल तर त्याच्या उरलेल्या दिवसांचा प्रीमियमही त्यातच परत येतो. महिन्याच्या पाच तारखेला सीडीचं स्टेटमेंट मागवते आणि पाठवलेल्या प्रत्येक नावासमोर एंडॉर्समेंटचा नंबर लिहिते. नंबर नाही म्हणजे माणूस विम्यात नाही. एजंटाच्या ‘झालं’ला मी आता किंमत देत नाही. ई-कार्ड स्वतः उघडून बघते.

मुदतही पाळा. नवा कर्मचारी, नव्याने लग्न झालेल्याची बायको किंवा नवरा, नवजात बाळ यांची नावं बहुतेक पॉलिसींत 30 दिवसांत कळवावी लागतात, तुमच्या पॉलिसीतला आकडा वाचून घ्या. बाळाचं बारसं व्हायची वाट बघत बसू नका. ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव असं लिहून पाठवा, नाव नंतर दुरुस्त होतं. आईवडील किंवा आधीपासूनची मुलं मात्र सहसा मध्येच घालता येत नाहीत, म्हणून रुजू होतानाच पूर्ण कुटुंब लिहून सही घ्या. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच बसवून फॉर्म भरून घ्या.

कार्डं वाटताना टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा, हेल्पलाइन नंबर घरच्यांच्या फोनमध्येही सेव्ह करायला सांगा. आजारी माणूस स्वतः फोन करत नाही.

कुणी नोकरी सोडत असेल तर नाव वगळण्याआधी त्याला सांगा की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि प्रतीक्षाकाळ (काही आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतचा काळ) जितका पूर्ण झाला तितका तिथे धरला जातो. अर्ज मात्र ग्रुपमधून नाव निघायच्या आत त्याने करायला हवा. राजीनामा हातात आला की त्याच दिवशी मी हे सांगते, शेवटच्या दिवशी त्याच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात.