सरप्राईज डब्यातून पोरांना स्वयंपाक शिकवायचा असेल तर

झाकणाचा डबा घ्या, पाच-सहा जिन्नस भरा आणि उघडेपर्यंत पोरांना काहीच सांगू नका. शाळेत चार-चार जणांचे गट पाडा अन् सगळ्यांना सेम सामान द्या, एकाच सामानातून किती वेगवेगळं बनतं ते त्यांना आपोआप दिसतं. आपल्या खानदेशात काय कमी आहे, कच्ची केळी, कळण्याचं पीठ (ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं), शेंगदाणे, कांद्याची पात, आणि हिवाळ्यात भरताचं वांगं टाकाच, जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय हेपण सांगा. तेल, मीठ, लसूण, मिरची बाहेर कॉमन ठेवा.

डबा उघडला की लगेच गॅस नाही! आधी दहा मिनिटं वास घेऊ द्या, हात लावू द्या, काय करायचं ते कागदावर लिहू द्या, खरं शिकणं इथंच होतं असं मला मनापासून वाटतं. कळण्याची भाकरी थापता येत नसेल तर धिरडी करू द्या, छान होतात.

लहान वर्गाला गॅस नकोच, मुरमुरे-काकडी देऊन भेळ करायला लावा. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का हे पालकांना आधीच विचारा. घरी आजीला जज बनवा, फक्त पोरांचं होईपर्यंत तिनं मधे बोलायचं नाही.