मुलांच्या सेंट्रल लाइनचं ड्रेसिंग कसं बदलावं

सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली बारीक नळी. हात कसे धुवायचे, ट्रे कसा लावायचा हे ज्यांना अजून विचारावं लागतं त्यांनी आज लाइनला हात लावू नये. वॉर्डात नव्यानं लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी हे लिहितेय, आणि ड्रेसिंगच्या वेळी पोराला धरून बसणाऱ्या आईबाबांसाठीही. घाई कुठे होतेय ते त्यांना समोरून दिसतं, त्यांनी बिनधास्त टोकावं. शिकवल्याशिवाय घरी मात्र कुणी करून पाहू नये.

पारदर्शक फिल्म असेल तर सात दिवसांनी बदला, गॉज असेल तर दोन दिवसांनी. कड सुटली, आत ओल किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. गडचिरोली-गोंदियाहून एसटीनं आलेल्या पोराचं ड्रेसिंग सात दिवस टिकेल ही आशा सोडा. सुटलेल्या कडेवर डायनाप्लास्टची पट्टी मारून ‘अजून तीन दिवस चालेल’ म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. त्या पट्टीखाली घाम साचतो, घामात जंतू वाढतात, आणि या लाइनचं टोक थेट हृदयाच्या दारात असतं.

एकट्यानं ड्रेसिंग करू नका. तान्हं बाळ दुपट्यात गुंडाळा, मोठ्याला मांडीवर घेऊन मोबाईल लावून द्या. पंखा, कूलर बंद.

जुनी फिल्म काढताना एक बोट हबवर, म्हणजे नळीच्या बाहेरच्या कडक जोडावर, दाबून ठेवा. फिल्म वर ओढायची नाही. त्वचेला समांतर ताणत, लाइन जिथून आत जाते त्या दिशेनं हळूहळू सोडवायची. कात्री ट्रेमध्येच नको. मग लालपणा, सूज, पू बघा आणि नळीची बाहेर राहिलेली लांबी फाइलमधल्या नोंदीशी ताडून बघा. लाइन बाहेर सरकली असेल तर थांबा, डॉक्टरांना बोलवा. आत ढकलायची नाही, अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही.

आता 2% क्लोरहेक्सिडिन आणि 70% अल्कोहोलच्या द्रावणानं त्वचा तीस सेकंद पुढे-मागे चोळा. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर काय वापरायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आता द्रावण आपोआप वाळेपर्यंत थांबा. मला सुरुवातीला सगळ्यात जड गेलं ते हेच. पोर रडत असतं, आई घामाघूम, कूलर बंद म्हणून शेजारच्या खाटेवरचे कुरकुरतात, आणि तुम्हाला नुसतं बघत उभं राहायचं असतं. फुंकर मारायची नाही, गॉजनं टिपायचं नाही, हातानं वारा घालायचा नाही. अल्कोहोलवालं द्रावण वाळायला निदान तीस सेकंद घेतं. पोव्हिडोन आयोडीन असेल तर दोन मिनिटं तरी धरा. घड्याळापेक्षा त्वचेकडे बघा. बाजूनं उजेड धरला की ओली त्वचा चमकते, वाळली की ती चमक जाते. गुटगुटीत बाळाच्या मानेच्या वळीत द्रावण लपून बसतं. हनुवटी उचलून वळी उघडी धरा, नाहीतर बाकी सगळं वाळूनही तेवढी रेघ ओली राहते आणि नेमकी तिथेच कातडी सोलते.

ओल्या त्वचेवर फिल्म लावली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आत चौकोनी लाल डाग आणि कडेला फोड दिसतात. मग फाइलवर ‘ड्रेसिंगची अ‍ॅलर्जी’ असं लिहिलं जातं आणि ब्रँड बदलत बसतात. खरी अ‍ॅलर्जी असते, नाही असं नाही. पण आधी तुम्ही किती वेळ थांबला होतात ते आठवा. त्वचेचं बॅरियर, म्हणजे कातडी जपणारं पातळ थराचं द्रावण, लावत असाल तर तेही वाळू द्या, आणि लाइनच्या तोंडाशी, म्हणजे ती कातडीत शिरते तिथे, लावू नका.

फिल्म ताणून लावणं हे दुसरं खूळ. ताणलेली फिल्म परत आखडते आणि कातडी सोबत ओढते. मधला भाग आधी लाइनच्या तोंडावर अलगद टेकवा, मग बोटानं बाहेरच्या दिशेनं दाबत जा. मानेची लाइन असेल तर फिल्म टेकवण्याआधी डोकं सरळ करून घ्या. मान वळवलेली असताना लावलेली फिल्म पोरानं समोर बघितलं की चुरगळते, आणि संध्याकाळपर्यंत कड उघडी.

लाइन जागेवर धरायला टाके असोत वा चिकट अँकर (नळी पकडून ठेवणारा चिकट तुकडा), बाहेरच्या नळीचा एक सैल वेढा करून तो वेगळ्या पट्टीनं अंगाला चिकटवा. पोरानं हिसका दिला तर तो आधी पट्टीला बसतो. नळीचं टोक डायपरपासून लांब, झबल्याच्या आत. चिकट अँकर प्रत्येक ड्रेसिंगला नवा. तारखेचं लेबल कडेला, लाइनच्या तोंडावर नाही.

घरी नेणाऱ्यांसाठी: आंघोळीत ड्रेसिंग भिजू देऊ नका. ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला की क्रोसीन देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. नळी फुटली तर फुटलेली जागा आणि पोराचं अंग यांच्यामध्ये क्लॅम्प लावा. क्लॅम्प नसेल तर नळी तिथेच दुमडून घट्ट धरा आणि तशीच धरून निघा.