प्रेग्नन्सीत सतत टेन्शन असेल तर बाळासाठी नेमकं काय करायचं

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की काल भांडण झालं, मी रडले, आता बाळाला काहीतरी होणार. एका दिवसाच्या रडण्याने असं काही होत नाही हो. टेन्शन आलं की आईच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं, पण वारेत एक एन्झाइम असतं ते त्यातलं बरंचसं निकामी करून टाकतं, बाळापर्यंत थोडंच पोचतं. टेन्शन आठवडेच्या आठवडे उतरलंच नाही तर मात्र हे गाळणं कमी पडू शकतं, आणि मग ३७ आठवड्यांआधी डिलिव्हरी होणं, बाळ अडीच किलोच्या खाली भरणं याची शक्यता थोडी वाढते. काही बाळं सुरुवातीला जास्त किरकिरी असतात, लगेच दचकतात. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्विबेकमध्ये बर्फाचं मोठं वादळ झालं, लाखो घरांची वीज गेली, तेव्हा पोटात असलेल्या मुलांचा पुढे कितीतरी वर्षं अभ्यास झाला त्यातही आईने सोसलेल्या त्रासाचा आणि बाळाच्या स्वभावाचा संबंध दिसला. पण शक्यता वाढते म्हणजे तसंच होतं असं नाही, बहुतेक बाळं व्यवस्थित असतात.

आता करायचं काय, तर रोज रात्री दोनच ओळी लिहा, झोप किती झाली आणि डोक्यात काय फिरत होतं. मला सातव्या महिन्यात रोज पहाटे तीनला जाग यायची, छाती धडधडायची, आणि मी मोबाइलवर वाईटसाईट वाचत बसायचे. आठवडाभराच्या ओळी बघितल्यावर कळलं की रोज तीच एक काळजी होती, पैशांची, आणि ती मी कुणाला बोललेच नव्हते. म्हणून मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, जाग आली तर कुशीवर पडून श्वास सावकाश सोडा, आणि सकाळी ती काळजी घरात कुणाला तरी सांगा. "जरा मदत करा" म्हणून काही होत नाही, "आजपासून रात्रीची भांडी तुझी" असं सरळ सांगायचं.

दोन आठवडे जवळपास रोज मन उदास असेल, झोप नसेल, कशात रस वाटत नसेल तर पुढच्या चेकअपला डॉक्टरांना सांगाच. एडिनबरा स्केल म्हणून १० प्रश्नांची एक सोपी चाचणी असते, ती मागून घ्या. मनाच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका, आजार तसाच अंगावर काढण्यातही धोका असतो. घरात मारहाण होत असेल तर श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत, डॉक्टरांना एकटीने भेटून सांगा. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी. रक्त गेलं, पाणी गेलं, वेळेआधी कळा आल्या, बाळाची हालचाल कमी वाटली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आणि बाळ किरकिरं निघालंच तर स्वतःला दोष देऊ नका, स्वभाव काही पोटातच पक्का होत नाही, नंतरच्या मायेनेही पुष्कळ फरक पडतो. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे हे बघा, मग लाइट मंद करा, बाळाचे कपडे काढून आपल्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या, हळू आवाजात एकच काहीतरी गुणगुणत राहा. कधीकधी अर्धा तास लागतो. आपलाच तोल जायला लागला तर बाळाला गदागदा हलवायचं नाही, पाठीवर नीट झोपवायचं, पाच मिनिटं बाहेर जाऊन पाणी प्यायचं आणि मग परत घ्यायचं.