परागंदा लेखकाचं पोर्ट्रेट काढायला जाताना

देश सोडावा लागलेल्या लेखकाचं पोर्ट्रेट करायचं काम पहिल्यांदा हाती आलं, की नवीन फोटोग्राफर लेन्स आणि लाइट यांचाच विचार करत बसतो. त्याआधी त्या लेखकाचं निदान एक पुस्तक वाचा. भाषांतरात मिळालं तरी चालेल. छळाच्या, पलायनाच्या बातम्या नंतर वाचा. ज्यांच्याकडे येणारा प्रत्येकजण "तुम्ही तिथून निसटलात कसे?" एवढंच विचारतो, त्यांना कुणी कादंबरीतल्या पात्राबद्दल विचारलं की चेहरा खुलतो. हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

लेखकांची पोर्ट्रेट काढणाऱ्या फोटोग्राफर जिझेल फ्रॉइंड यांची पद्धत हीच होती. 1933 मध्ये त्या जर्मनीतून पळून पॅरिसला आल्या. ज्यांचे फोटो काढायचे त्यांची पुस्तकं त्या आधी वाचायच्या आणि फोटो काढताना त्यांच्या लिखाणावरच बोलायच्या. त्याच वर्षी जर्मनी सोडलेल्या लेखक-विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांचे त्यांनी 1937 मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काढलेले फोटो शोधून नीट बघा. बेन्यामिन कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, ते कामात गढलेले आहेत. घर गेलं, देश गेला, पण अभ्यास चालू आहे, हे त्यात स्वच्छ दिसतं. सप्टेंबर 1940 मध्ये स्पेनच्या सीमेवरच्या पोर्तबौ गावी त्यांचा अंत झाला. तो ठाऊक असल्यामुळे आज आपण त्या फोटोंत दुःख शोधतो. फ्रॉइंड यांच्यासमोर मात्र तेव्हा फक्त काम करणारा माणूस होता, आणि त्यांनी तोच टिपला.

म्हणून खिडकीबाहेर शून्यात बघणारा लेखक, पायाशी सुटकेस, अर्ध्या चेहऱ्यावर अंधार, असलं काही मांडू नका. असे फोटो संपादकांना आवडतात, हे मला माहीत आहे. तरीही नको. त्यात माणूस हरवतो आणि फक्त त्याची शोकांतिका उरते.

एक गोष्ट मात्र जरूर करून बघा. बरेच लेखक तुमच्याशी दुसऱ्या, शिकलेल्या भाषेत बोलत असतात. शब्द शोधताना कपाळावर आठ्या पडतात, खांदे आखडतात. त्यांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत स्वतःचं एखादं पान मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्हाला अक्षर कळलं नाही तरी हरकत नाही. दोनतीन ओळींत आवाज बदलतो, हात हलायला लागतात. त्या वेळी कॅमेरा तयार हवा. ओठ आणि हात हलत असतात, तेव्हा शटर 1/200 सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. चेहऱ्यासाठी 85 मिमीची लेन्स, टेबलासकट माणूस हवा असेल तर 35 मिमी. खिडकीचा उजेड पुरतो.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण इथे हयगय चालत नाही. देश सोडला म्हणजे धोका संपला असं नसतं. खिडकीतून दिसणारा मनोरा, दारावरची पाटी, टेबलावरच्या पाकिटावरचा पत्ता, यांतलं काहीही पत्ता उघड करू शकतं. कपाटावरच्या कौटुंबिक फोटोंकडे तर विशेष लक्ष द्या, कारण त्यातली माणसं अजून त्याच देशात राहत असतील. नंतर धूसर करू म्हणू नका, फ्रेममधूनच काढा, नाहीतर मूळ फाइलमध्ये ते राहतंच. मोबाइलवर फोटो घेत असाल तर लोकेशन बंद ठेवा आणि फाइल पाठवण्याआधी मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये दडलेली ठिकाण-वेळेची माहिती, पुसा. कॅप्शनमध्ये शहराचं नाव त्यांच्या संमतीशिवाय घालू नका. "निर्वासित" म्हणून ओळख द्यायची की नुसतं "कवी", हेही त्यांनाच ठरवू द्या.

निघण्याआधी सगळे फोटो त्यांना दाखवा. नको म्हणतील ते तिथेच डिलीट करा, कारण नकार द्यायला संकोचणारी माणसं नंतर फोनवरही नाही म्हणत नाहीत. फोटो कुठे वापरायचा, एजन्सीला द्यायचा की नाही, हे कागदावर लिहून घ्या. एजन्सीमार्फत फोटो एकदा विकला गेला की परत बोलावता येत नाही. आणि एक चांगली फाइल त्यांच्या पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी मोफत द्या. पुढच्या पुस्तकासाठी त्यांना फोटो लागणारच असतो.